एडिसनचं शेवटचं पीक

११ फेब्रुवारी १९२७ रोजी टॉमस अल्वा एडिसन ऐंशी वर्षांचा झाला. शाळेच्या पुस्तकात आपल्याला भेटतो तो एडिसन आगगाडीत वर्तमानपत्रं विकतो, डब्यात प्रयोग करतो, मोठा होऊन विजेचा दिवा लावतो आणि तिथे धडा संपतो. दिवा लागला तेव्हा तो जेमतेम बत्तीस वर्षांचा होता. त्यानंतर तो बावन्न वर्षं जगला आणि त्यातला एकही दिवस त्यानं स्वस्थ बसून काढल्याचं दिसत नाही. या बावन्न वर्षांतली शेवटची चार मात्र त्याच्या चरित्रकारांनाही जरा अडचणीची वाटत आली आहेत. कारण या चार वर्षांत हा दिव्यांचा आणि फोनोग्राफचा राजा रानातलं तण गोळा करत होता. ते वाळवत होता, दळत होता आणि त्यातून रबर निघतं का ते पाहत होता.

बँकेत माझी तीस-पस्तीस वर्षं गेली, त्यातली बरीच शेतीकर्जाच्या टेबलाशी. साग, होहोबा, कोरफड, सफेद मुसळी, ज्या ज्या पिकाची हवा आली त्या त्या पिकाचे अर्ज आमच्या चांदवड-मालेगावच्या कोरडवाहू पट्ट्यातून माझ्यापुढे येऊन गेले. कमी पाण्यावर येणारं, जनावरं तोंड न लावणारं आणि सोन्याच्या भावानं विकलं जाणारं पीक हे आमच्या भागाचं जुनं स्वप्न आहे. असा अर्ज आला की मी आधी दोन रकाने वाचत असे. अर्जदाराचं वय आणि परतफेडीची मुदत. त्या सवयीमुळे एडिसनच्या या शेवटच्या उद्योगाविषयी वाचू लागलो तेव्हा माझी नजर थेट तिथेच गेली. अर्जदाराचं वय ऐंशी. पीक कोणतं, ते अजून ठरायचं आहे. बाजारभाव दुसऱ्या देशाच्या सरकारच्या हातात. जामीनदार मात्र असे की कोणत्याही मॅनेजरनं उठून खुर्ची पुढे करावी. एक मोटारवाला हेन्री फोर्ड आणि दुसरा टायरवाला हार्वे फायरस्टोन!

या वयात त्याला ही बुद्धी का झाली, हे कळायला त्याचं आधीचं आयुष्य थोडं चाळायला हवं.

एडिसनचा जन्म १८४७ सालचा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मिलान गावचा. सात भावंडांत हा शेंडेफळ. शाळेत त्याचं फारसं जमलं नाही. आई पूर्वी शिक्षिका होती, तिनं त्याला घरीच शिकवलं. बाराव्या वर्षी तो पोर्ट ह्युरन ते डेट्रॉइट या गाडीत वर्तमानपत्रं आणि खाऊ विकू लागला. ऐकू कमी येणं त्याला लहानपणीच चिकटलं आणि वयाबरोबर वाढत गेलं. पुढे तारयंत्र शिकून तो गावोगाव तारमास्तरकी करत हिंडला. १८७६ साली न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्कला त्यानं प्रयोगशाळा उभारली, दुसऱ्याच वर्षी फोनोग्राफ बोलला, १८७९ मध्ये दिवा लागला आणि १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून वीज घरोघर जाऊ लागली. हे सगळं ठाऊक असलेलंच आहे.

कमी ठाऊक आहे ते दिव्यातल्या तंतूचं प्रकरण, आणि रबराच्या गोष्टीचं मूळ तिथेच आहे. पहिल्या दिव्यात जाळून कोळसा केलेला सुती दोरा होता. तो टिकेना म्हणून एडिसननं हाताला लागेल ती वस्तू जाळून पाहिली. अशातच त्याच्या नजरेला ताडाच्या पानाचा एक पंखा पडला. पंख्याच्या कडेला बांबूची चिरफळी बांधलेली होती. ती कापून, जाळून दिव्यात घातली तर दिवा कितीतरी जास्त वेळ तेवला. मग बांबू तरी कोणता, हा प्रश्न आला. त्यासाठी त्यानं जगभर माणसं धाडली. जपानात क्योटोजवळ मिळालेला बांबू पसंत पडला आणि पुढची काही वर्षं अमेरिकेतले दिवे त्यावर जळले. तरी त्याचं समाधान नव्हतं. १८८८ साली जेम्स रिकल्टन नावाच्या एका शाळामास्तराला त्यानं आणखी चांगल्या बांबूच्या शोधात सिलोन, हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशात पाठवलं. रिकल्टन नमुने घेऊन परतला तोवर कृत्रिम तंतू येऊ घातला होता, त्यामुळे त्या खेपेचा दिव्याला फार उपयोग झाला नाही. पण एडिसनची पद्धत यातून कळते. निसर्गात जे जे आहे ते ते एकेक करून तपासायचं, कंटाळायचं नाही. निकोला टेस्लासारख्या गणिती डोक्याच्या माणसाला हा शुद्ध वेळेचा अपव्यय वाटे, आणि त्याचं अगदीच चुकत होतं असं नाही.

ही पद्धत एडिसनला नेहमीच पावली असंही नाही. हलक्या प्रतीच्या खडकातून लोहचुंबकानं लोखंड वेगळं काढण्याच्या नादात त्यानं १८९० नंतरची आठ-दहा वर्षं आणि वीस लाख डॉलरांच्या आसपास रक्कम घालवली. तेवढ्यात मेसाबी भागात उत्तम प्रतीचं खनिज मातीमोलानं निघू लागलं आणि एडिसनची डोंगर फोडणारी यंत्रं थंडावली. आपल्या चांगल्या मालापेक्षा दुसऱ्याचा स्वस्त माल बाजार मारून नेतो, हे त्याला त्या वेळी कळायला हवं होतं. त्यानं तीच यंत्रं सिमेंटच्या धंद्याला लावली आणि पुढे सरकला.

दुसरा धडा त्याला पहिल्या महायुद्धानं दिला. फोनोग्राफच्या तबकड्यांसाठी कार्बोलिक ॲसिड लागे. ते येई इंग्लंड-जर्मनीतून. १९१४ साली युद्ध पेटलं आणि आवक बंद झाली. एडिसननं काही आठवड्यांत स्वतःचा कारखाना उभा केला. परदेशातून जहाजानं येणाऱ्या वस्तूवर आपला धंदा उभा असेल तर ते जहाज एक दिवस येणार नाही, ही धास्ती तेव्हापासून त्याच्या मनात घर करून बसली.

आणि १९२० च्या दशकात अमेरिकेत जहाजानं येणारी सर्वांत मोठी धास्ती होती रबर.

रबराचं झाड मूळचं ब्राझीलचं. १८७६ साली हेन्री विकहॅम या इंग्रजानं त्याच्या सत्तर हजार बिया तिथून लंडनच्या क्यू उद्यानात आणल्या, त्यांची रोपं सिलोन-सिंगापूरला गेली आणि पुढे मलायाचे डोंगर रबराच्या मळ्यांनी भरून गेले. आपल्याकडे केरळातले मळे त्याच वंशाचे. मोटारी मात्र धावत होत्या अमेरिकेत. जगातल्या एकूण रबरापैकी निम्म्याहून कितीतरी अधिक एकटी अमेरिका वापरत होती आणि तिच्या हद्दीत रबराचा एकही मळा नव्हता. युद्धानंतर भाव कोसळले तेव्हा आपल्या मळेवाल्यांना वाचवण्यासाठी ब्रिटिश सरकारनं १९२२ मध्ये निर्यातीवर मर्यादा घातली. बाजारात माल कमी सोडायचा आणि भाव चढवायचा. भाव असा चढला की १९२५ मध्ये पौंडामागे डॉलरच्या वर गेला. अमेरिकेत ओरड झाली. लासलगाव शेजारी असलेल्या आम्हा कांद्याच्या मुलखातल्या माणसांना, खरं सांगायचं तर, यात मळेवाल्यांचं काही चुकलं असं चटकन म्हणवत नाही. पण ज्याला रोज लाखांनी टायर लागतात त्याला ते परवडणारं नव्हतं.

फायरस्टोननं आफ्रिकेत लायबेरियाची लाखो एकर जमीन नव्व्याण्णव वर्षांच्या करारानं घेतली. फोर्डनं ब्राझीलच्या जंगलात फोर्डलँडिया नावाची वसाहतच वसवायला घेतली. या दोघांचा आणि एडिसनचा जुना स्नेह. तिघं मिळून उन्हाळ्यात मोटारी घेऊन राहुट्या ठोकत हिंडायचे. त्या गप्पांतून रबराचा विषय निघत राहिला आणि जुलै १९२७ मध्ये तिघांनी पंचवीस-पंचवीस हजार डॉलर घालून एडिसन बोटॅनिक रिसर्च कॉर्पोरेशन स्थापन केली. समुद्रापलीकडे मळे करण्याचं काम ते दोघं पाहणारच होते. एडिसनला शोधायचं होतं अमेरिकेच्या मातीतलं, अमेरिकेच्या थंडीवाऱ्यात तगणारं रबराचं रोप.

वनस्पतीत रबर असणं ही तशी दुर्मीळ गोष्ट नव्हे. चांदवडहून मालेगावकडे निघालं की राहुड घाटात आणि दोन्ही बाजूंच्या उघड्या डोंगरांवर जी झाडंझुडपं दिसतात त्यांतली निम्मी तरी चिकाची असतील. मारुतीला वाहतो ती रुई, कुंपणाला लावतो तो शेर, निवडुंग, वड, उंबर. यांचा पांढरा चीक बोटांवर घेऊन चोळला की तो रबरासारखा ताणला जातो, हे गुरं राखणाऱ्या पोरांनाही माहीत असतं. मग रुईचं रबर का होत नाही? याचं उत्तर एका शब्दात द्यायचं तर राळ. ब्राझीलच्या झाडाच्या चिकात तिसरा हिस्सा रबर असतं आणि राळ नाममात्र. रुई-शेराच्या चिकात रबर थोडं आणि राळ उदंड. राळ म्हणजे चिकट, ठिसूळ, हवेनं बिघडणारा पदार्थ. ती रबरात राहिली तर रबर हाताला चिकटतं, गंधक घालून भाजलं तरी नीट घट्ट होत नाही आणि काही महिन्यांत त्याचा चिखल होतो. म्हणजे रानातल्या झाडातून रबर काढणं हा खरा प्रश्न नव्हता. त्यातून राळ काढून टाकणं हा प्रश्न होता. आणि हे सगळं करून मलायाच्या भावात विकणं, हा त्याहून मोठा.

एक झाड मात्र यात आधीच पुढे गेलेलं होतं, आणि ते होतं वाळवंटातलं. मेक्सिकोच्या उत्तरेला आणि टेक्सासच्या कडेला जो रखरखीत मुलूख आहे तिथे ग्वायुले नावाचं झुडूप उगवतं. उंची दोन फूट, पानं राखाडी रुपेरी, पाऊस दहा-पंधरा इंच पडला तरी पुरे. तिथले लोक शतकानुशतकं त्याची साल चघळून मुलांना खेळायला चेंडू करत. आपल्याला नवल वाटेल, पण हे ग्वायुले आपल्या गाजरगवताचं सख्खं भावंड. पन्नाशीच्या दशकात पुण्यात ज्याची पहिली नोंद झाली, अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं असं लोक मानतात, आणि जे आज आमच्या प्रत्येक बांधावर अंगाला खाज आणत उभं आहे ते काँग्रेस गवत! वनस्पतिशास्त्रात दोघांचं आडनाव एकच, पार्थेनियम. एकाच्या सालीत रबर, दुसऱ्याच्या अंगी नुसता उपद्रव. आपल्या वाट्याला कोणतं आलं ते सांगायला नको.

ग्वायुलेला चीक वाहत नाही. ब्राझीलच्या झाडासारखी साल कापून खाली वाटी लावावी, तर थेंबही पडणार नाही. त्याचं रबर सालीतल्या आणि लाकडातल्या लहान लहान पेशींत कोंडलेलं असतं. म्हणून अख्खं झुडूप उपटायचं, वाळवायचं, चिरडायचं आणि दगडगोटे आणि पाणी घातलेल्या मोठ्या फिरत्या पिंपात घुसळायचं. पेशी फुटतात, रबराचे कण एकमेकांना चिकटून अळ्यांसारखे लांबट होतात. मग ते सगळं पाण्याच्या हौदात सोडायचं. भुसा पाणी पिऊन तळाला जातो, रबर वर तरंगतं. ताक घुसळून लोणी काढण्याचाच हा प्रकार. फक्त या लोण्यात राळ असते. सुक्या झुडपात शंभर भागांत दहाच्या आसपास रबर आणि जवळपास तितकीच राळ. ती धुऊन काढायला ॲसिटोन लागतं, कारण ॲसिटोनमध्ये राळ विरघळते आणि रबर विरघळत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंटरकॉन्टिनेंटल रबर कंपनीनं मेक्सिकोत हा धंदा एवढा वाढवला की १९१० च्या सुमारास अमेरिकेच्या रबराचा मोठा वाटा या वाळवंटी झुडपाचा होता. पुढे मेक्सिकोत क्रांती झाली, रानातली झुडपंही उपटून उपटून विरळ झाली आणि कंपनी कॅलिफोर्नियात सॅलिनासला लागवड करू लागली. (ज्या वर्षांत हे चाललं होतं त्याच वर्षांत मेक्सिकोतल्या चापिंगोच्या शेतकी शाळेत आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे मक्याच्या जातींवर काम करत होते. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

एवढं हाताशी आलेलं झाड एडिसननं का नाकारलं? त्यानं ग्वायुलेचा विचार केला, नाही असं नाही. पण ग्वायुले लावल्यावर चार-पाच वर्षांनी उपटण्याजोगं होतं. एडिसनच्या डोळ्यांपुढे होतं युद्ध. उद्या समुद्र बंद झाला तर देशातले टायर वर्ष-दीड वर्षात झिजणार, तेवढ्यात नवं रबर हाती यायला हवं. म्हणून त्याच्या अटी ठरलेल्या होत्या. पेरलं की त्याच हंगामात कापता आलं पाहिजे, गवतासारखं यंत्रानं कापता आलं पाहिजे, मजूर कमी लागले पाहिजेत. या अटींत वाळवंटाचं झुडूप बसत नव्हतं. हे कारण कागदोपत्री अगदी चोख आहे. पण ऐंशी वर्षांचा माणूस पाच वर्षांच्या पिकाकडे पाठ फिरवतो तेव्हा त्यात फक्त युद्धाचाच हिशेब असेल, असं मला वाटत नाही. मुदतीचा रकाना त्यालाही दिसत असणार. अर्थात हा माझा तर्क.

फ्लोरिडात फोर्ट मायर्सला नदीकाठी त्याचं हिवाळ्यात राहायचं घर होतं. १८८५ मध्ये त्यानं ती जागा घेतली होती आणि दुसरी पत्नी मायना हिच्याशी लग्न झाल्यापासून दोघं तिथे जात. आता घराच्या आवारात वाफे पडले आणि १९२८ मध्ये समोर नवी प्रयोगशाळा उभी राहिली. न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात बसून त्यानं पुस्तकं पालथी घातली, तिथल्या जॉन स्मॉल या वनस्पतिशास्त्रज्ञाची मदत घेतली. फोर्डच्या मोटारी घेऊन त्याचे लोक दक्षिणेकडची राज्यं पालथी घालू लागले. दिसेल ते झुडूप उपटायचं, कुठे, कधी, कोणत्या मातीत सापडलं ते चिठ्ठीवर लिहायचं आणि पाठवून द्यायचं. रेल्वेच्या लोकांनाही त्यानं रुळांकडेचं तण गोळा करायला लावलं. बांबूच्या वेळचीच पद्धत, पन्नास वर्षांनी.

आलेला प्रत्येक नमुना वाळवला जाई, दळला जाई. त्याची भुकटी काचेच्या उपकरणात घालून आधी ॲसिटोननं धुतली जाई. त्यात राळ आणि पानांचा हिरवा रंग निघून जाई. मग उरलेल्या भुकटीतून बेंझीननं रबर विरघळवून घ्यायचं, बेंझीन उडवून द्यायचं आणि तळाशी काय उरलं ते तोलायचं. बहुतेक वेळा काहीच उरत नसे. अशा १७ हजारांहून अधिक नमुन्यांची परीक्षा झाली. रुईची अमेरिकन भावंडं तपासली गेली. मादागास्करची जांभळ्या फुलांची रबरवेल तपासली गेली, जी आज आपल्याकडेही ओसाड जागी माजलेली दिसते. फायरस्टोननं भारतीय वडाचं एक रोपटं भेट दिलं होतं, त्याचाही चीक काढून झाला. वडात रबर फारसं निघालं नाही. रोपटं मात्र तिथे रुजलं, पारंब्या टाकत गेलं आणि आता जवळजवळ एकरभर जागेवर पसरलं आहे. फोर्ट मायर्सला जाणारे लोक एडिसनच्या दिव्यांपेक्षा त्या वडाचेच फोटो अधिक काढतात.

घरात रबराखेरीज दुसरा विषय उरला नव्हता, अशी मायनाची तक्रार असे. नवरा दूध पिऊन राहत होता, त्याला मधुमेह होता, पोटाचं दुखणं होतं, कान जवळजवळ गेलेले. धंदा मुलाच्या, चार्ल्सच्या हाती सोपवलेला. आणि हा खुर्चीत बसून वहीत नोंदी करतोय. एडिसनच्या जागी दुसरा कुणी म्हातारा असता तर घरच्यांनी त्याला वेड लागलं म्हटलं असतं. तसं म्हणणारे तेव्हाही असतीलच.

शेवटी त्याची निवड पडली गोल्डनरॉडवर. मोठ्या शहरांतले फुलवाले पुष्पगुच्छात भरीला बारीक पिवळ्या फुलांची डहाळी घालतात, तेच हे झाड. शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातलं, अमेरिकेत रस्त्याकडेला कुठेही उगवणारं. रबर पानांत. यंत्रानं कापता येतं, मुळांचे तुकडे लावले की पुन्हा फुटतं, त्याच वर्षी कापणीला येतं. सगळ्या अटी पुऱ्या. निवड करत करत एडिसननं त्याचं झाड बारा फुटांपर्यंत उंच केलं आणि पानांतलं रबर शेकडा बारापर्यंत नेलं. त्यातल्या एका जातीला वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याचं नावही दिलं. नव्या झाडांवर शोधकाला हक्क मिळावा म्हणून अमेरिकेत १९३० मध्ये कायदा झाला. त्याच्या पाठीशीही एडिसन उभा होता. यंत्राला पेटंट आणि झाडाला का नाही, हा त्याचा सवाल त्या चार वर्षांतल्या घामातून आलेला होता.

पण रबराच्या प्रतीनं दगा दिला. गोल्डनरॉडच्या रबराचे रेणू आखूड असतात. त्यामुळे ते मऊ पडतं, ताण सहन करत नाही. टायरला जे हवं ते त्यात नव्हतं. आणि दुसरीकडे बाजारानं, लोखंडाच्या वेळी केलं तेच पुन्हा केलं. १९२८ च्या नोव्हेंबरात ब्रिटिशांनी निर्यातीवरची मर्यादा उठवली. २१ ऑक्टोबर १९२९ रोजी दिव्याच्या सुवर्णमहोत्सवासाठी फोर्डनं डिअरबॉर्नला मोठा समारंभ केला, राष्ट्राध्यक्ष हूवर आले, एडिसनला तिथे भोवळ आली. त्यानंतर तीनच दिवसांत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. मंदीत मोटारी कोण घेणार? १९३२ पर्यंत रबर पौंडाला तीन सेंटच्या आसपास आलं. डॉलरवरून तीन सेंट! त्या भावात पानं कापून, दळून, दोन-दोन द्रावकांनी धुऊन काढलेलं रबर कोण विकत घेईल?

तो भाव बघायला एडिसन उरला नव्हता. १९३१ चा हिवाळाही त्यानं फोर्ट मायर्सला आपल्या वाफ्यांशेजारी काढला, जूनमध्ये न्यू जर्सीच्या घरी परतला आणि १८ ऑक्टोबरला गेला. दफनाच्या रात्री देशभर काही क्षण दिवे मालवण्यात आले. रबराचं काम मायनानं आणि तिच्या भावानं काही काळ चालू ठेवलं, मग ते सरकारच्या शेतकी खात्याकडे गेलं, आणि १९३६ मध्ये प्रयोगशाळेला कुलूप लागलं.

यानंतर दहा वर्षंही गेली नाहीत. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बर झालं, फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं आणि अमेरिकेला येणारं नव्वद टक्के नैसर्गिक रबर एका फटक्यात जपानच्या ताब्यात गेलं. एडिसन ज्या दिवसासाठी पेरत होता तो दिवस जसाच्या तसा उजाडला. टायर वाचावेत म्हणून पेट्रोलचं रेशनिंग झालं. सरकारनं धावाधाव करून झाडं शोधायला घेतली. गोल्डनरॉडही जॉर्जियात लावून पाहिला, फार काही हाती लागलं नाही. भर दिला गेला तो ग्वायुलेवर. विशेष म्हणजे १९३० सालीच ड्वाइट आयझेनहॉवर नावाच्या एका मेजरनं मेक्सिको, टेक्सास आणि कॅलिफोर्निया हिंडून ग्वायुले लावून ठेवा, असा अहवाल सरकारला दिला होता. तो बासनात पडून राहिला. हा मेजर पुढे राष्ट्राध्यक्ष झाला, पण अहवालाचं नशीब तेच. सरकारी कार्यालयात ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

युद्धकाळात ३२ हजार एकरांवर ग्वायुले लागलं. कॅलिफोर्नियाच्या मान्झानार छावणीत, जिथे जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांना काटेरी तारांआड डांबलं होतं, तिथल्या कैद्यांतल्या रोपवाटिकावाल्यांनी आणि रसायनशास्त्रज्ञांनी फेकून दिलेल्या रोपांवर प्रयोग करून अत्यंत उत्तम प्रतीचं रबर काढून दाखवलं. ज्या देशानं त्यांना कैद केलं त्याच देशाच्या टायरसाठी! या लोकांवर कुणीतरी मराठीत कादंबरी लिहायला हवी. पण झुडूप शेवटी आपल्याच गतीनं वाढतं. युद्ध संपेपर्यंत तीसएक लाख पौंड रबर निघालं. तेवढ्यात खनिज तेलापासून कृत्रिम रबर करणारे कारखाने वर्षाला लाखो टन माल काढू लागले होते. शांतता झाली, मलायाचं रबर परत आलं, आणि कॅलिफोर्नियातली उभी ग्वायुलेची शेतं नांगरून जाळून टाकण्यात आली. त्यातली कितीतरी नुकती कुठे कापणीच्या वयाला आली होती.

कृत्रिम रबरानं सगळं भागत नाही, विमानाच्या टायरला झाडाचंच रबर लागतं. ते आजही मुख्यतः आग्नेय आशियातल्या एकाच जातीच्या झाडातून येतं. फोर्डच्या ब्राझीलमधल्या वसाहतीचं दिवाळं ज्या रोगानं वाजवलं, तो पानांचा करपा अजून अमेरिका खंडांतच अडकून आहे, पण कायमचा तिथेच राहील याची हमी कोण देणार? म्हणून ग्वायुलेचा विषय मिटलेला नाही. फायरस्टोनची कंपनी १९८८ मध्ये जपानच्या ब्रिजस्टोननं घेतली. याच कंपनीनं ॲरिझोनाच्या वाळवंटात ग्वायुले लावलं, २०१५ मध्ये त्याच्या रबराचा टायर तयार केला आणि २०२२ मध्ये इंडीकारच्या शर्यतीत तो धावला. ग्वायुलेच्या रबरात मलायाच्या रबरातली, काहींच्या अंगावर पित्त उठवणारी प्रथिनं नसतात, म्हणून दवाखान्यातल्या हातमोज्यांसाठीही त्याचा विचार होत आला आहे.

अडतं ते अजून पैशापाशीच. नुसत्या रबराच्या भावावर हे झुडूप शेतकऱ्याला आणि कारखान्याला परवडत नाही. म्हणून आता त्यातली राळच विकत घेणारा कुणी मिळतो का, याचा शोध चालू आहे. तिचा गोंद होतो का, वाळवी तिच्यापासून दूर राहते का, उरलेल्या भुशाचं काय करता येईल. आपल्या साखर कारखान्यांचं गणित असंच आहे. साखरेनं तोटा दिला तरी मळी आणि बगॅस थोडंफार सावरून घेतात. एडिसननं सतरा हजार नमुन्यांतून जी राळ ॲसिटोनमध्ये धुऊन टाकून दिली, तिच्या गिऱ्हाइकावर आता या पिकाचा ताळेबंद अडला आहे.